धुराची संवय

पहाटे चुलीपाशीं फुंकणीनें विस्तव फुलवितांना आई किंवा आजी खोकते, हें आपल्या लांजें परिसरांतील पुष्कळ मुलांनीं पाहिलें असेल. “मला धुराची संवय आहे,” असें म्हणून ती तें हंसण्यावारी नेते. परंतु ही संवय पुष्कळदां रोगाचा आरंभ असते. तो कसा, तें पाहूं.

आपल्या फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधि सूक्ष्म पिशव्या आहेत. त्यांच्या भिंती पातळ व लवचिक असतात. तेथें भक्षकपेशींचा पहारा असतो. अशा पेशींचें कार्य एली मेचनिकॉफ ह्या रशियन शास्त्रज्ञानें 1882 सालीं ओळखलें. त्याबद्दल त्यास पॉल एर्लिक ह्यांजबरोबर 1908 चें नोबेल पारितोषिक मिळालें. जंतु आला कीं ह्या पेशी त्यास गिळतात व साह्यास रक्तांतील पांढऱ्या पेशी बोलावितात. शत्रु नाहींसा झाला कीं सैन्य परततें.

परंतु धूर हा रोज येणारा शत्रु. त्याची काजळी भक्षकपेशींस पचत नाहीं. म्हणून हांका चालूच राहतात व नवें सैन्य येतच राहतें. न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी जंतूंकरितां इलॅस्टेज नांवाचा तीव्र पाचक रस सोडतात. तोच रस पिशव्यांच्या लवचिक भिंती विरघळवितो. यकृतांत तयार होणारें एक प्रथिन त्यास आवरतें, पण नित्याच्या धुरापुढें तें अपुरें पडतें. श्वासनलिका सुजून अरुंद होतात, कफ वाढतो, पिशव्या ढिल्या पडतात आणि आंतली हवा पुरती बाहेर पडत नाहीं. ह्या रोगास सीओपीडी म्हणतात. एकदां मोडलेली भिंत पुन्हां उभी राहत नाहीं.

हा रोग विडी-सिगारेट ओढणारांसच होतो, असा समज आहे. पुण्याचे डॉक्टर संदीप साळवी व लंडनचे डॉक्टर पीटर बार्न्स ह्यांनीं 2009 सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत दाखविलें कीं, अदमासें शेंकडा 25 ते 45 रोग्यांनीं कधींच धूम्रपान केलेलें नसतें. लांकूड व शेणी ह्यांचा धूर हें त्याचें एक मोठें कारण होय.

2016 पासून उज्ज्वला योजनेनें अनेक घरांत गॅस आला. तरी आंघोळीचें पाणी पुष्कळ ठिकाणीं चुलीवरच तापतें. तेथें निदान लांकूड वाळलेलें असावें, वर धुराडें असावें आणि तान्हें मूल जवळ नसावें. खोकला महिनोन्महिने टिकला किंवा चढण चढतांना दम लागूं लागला, तर डॉक्टरांकडून श्वासमापन यंत्रानें तपासून घ्यावें. गेलेलें परत येत नसलें, तरी उरलेलें राखतां येतें.

आईला धुराची संवय झाली असेल. तिच्या फुप्फुसांना ती कधींच होत नाहीं.