मुलांना तुमच्या फोनचा पिन माहीत आहे?

पालकहो, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत ‘हो’ असंच आहे. दवाखान्यात ताटकळताना मुलाच्या हाती फोन द्यायचा, तर दर वेळी लॉक कोण उघडत बसणार? मग पिन सांगून टाकतो, नाहीतर त्याच्याही बोटाचा ठसा नोंदवून ठेवतो. आजवर त्यातून फार तर गेम जास्त खेळला जायचा. पासवर्डच्या जागी पासकी आल्यापासून मात्र मामला तेवढ्यावर राहिलेला नाही.

मे 2022 मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून पासकीला पाठिंबा जाहीर केला. पुढच्याच वर्षी गूगलचं खातं पासकीने उघडता येऊ लागलं, ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपनेही ती आणली. ‘पासकी तयार करा’ ही सूचना तुमच्याही फोनवर आली असेल आणि तुम्ही ती ‘नंतर’ म्हणून ढकलली असेल. ढकलू नका. चीज चांगली आहे.

पासकीत किल्ल्यांची जोडी असते. एक त्या वेबसाइटकडे राहते, दुसरी गुप्त किल्ली तुमच्याकडे. लॉगिनच्या वेळी वेबसाइट दर वेळी नवा आकडा पाठवते, तुमची गुप्त किल्ली त्यावर सही करून देते. ती स्वतः वेबसाइटकडे कधीच जात नाही, आणि तुमच्या बोटाचा ठसाही फोनबाहेर पडत नाही. शिवाय पासकी ज्या पत्त्यासाठी बनली तिथेच चालते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती पुढे येतच नाही. गोड बोलणाऱ्या भामट्याला आजोबा फोनवरून ओटीपी वाचून दाखवू शकतात. पासकी वाचून दाखवता येत नाही. मला तिचा हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

पण ती ठेवायची कुठे? आईकडे ॲन्ड्रॉइड, बाबांकडे आयफोन आणि अभ्यासाच्या टेबलावर विंडोजचा लॅपटॉप, अशी आपली घरं. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘ओके’ म्हणत गेलात, तर एक पासकी ॲपलकडे, दुसरी गूगलकडे, तिसरी त्या लॅपटॉपपुरतीच, अशी पांगापांग होते. मिश्र घरात बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारखा सगळीकडे चालणारा पासवर्ड मॅनेजर बरा. ॲन्ड्रॉइड 14 आणि आयओएस 17 पासून असे मॅनेजर फोनमध्येही पासकी सांभाळतात. एका ठिकाणी केलेली पासकी मग तुमच्या सगळ्या उपकरणांवर हजर. सायबर कॅफेत किंवा नातेवाइकांच्या संगणकावर मात्र मॅनेजर उघडू नका. तिथे बऱ्याच ठिकाणी पडद्यावरचा क्यूआर कोड आपल्या फोनने स्कॅन करून काम होतं. ब्लूटूथ तेवढं चालू लागतं, आणि पासकी तुमच्या फोनमध्येच राहते.

आता पुन्हा मुलांकडे. पासकीला तुमचा चेहरा, तुमचं नाव, तुमचं वय ठाऊक नसतं. फोनचं लॉक उघडणारा तो मालक, एवढंच तिला कळतं. म्हणजे ज्या बारा वर्षांच्या बोटाचा ठसा तुमच्या फोनमध्ये आहे, ते बोट तुमचा ईमेलही उघडू शकतं. मुलाच्या मनात काही नसेल; शेजारी बसलेल्या मित्राच्या मनात असू शकतं. म्हणून तो ठसा काढा आणि पिनही बदला, पण मुलाला कारण सांगून. चोरून काढलात तर त्याला ते अविश्वासाचं वाटेल, आणि सुरक्षिततेचा धडा तिथेच वाया जाईल. सगळ्यांनी वापरायच्या टॅबवर स्वतःचा मॅनेजर सुरू ठेवू नका. घराचं वायफाय, वीजबिल, सिनेमाचं खातं अशा सामायिक गोष्टी मॅनेजरमधल्या कुटुंबाच्या सामायिक कप्प्यात ठेवता येतात; बाकीचं ज्याचं त्याच्याकडे. कॉलेजला निघालेल्या मुलीचा कप्पा तिचा असू द्या. तो उघडून पाहायचा मोह मला रास्त वाटत नाही. तिने वेगळा, भक्कम पिन ठेवला आहे ना, एवढं विचारा.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पासकी केली म्हणून जुना पासवर्ड आपोआप जात नाही. तो मुलाच्या जन्मतारखेचा असेल, तर मागचं दार उघडंच आहे. आणि फोन हरवला, तर दुसऱ्या उपकरणावरून मॅनेजरमध्ये जाऊन हरवलेल्या फोनचं लॉगिन बंद करायचं. नुसत्या त्या फोनमध्येच ठेवलेली पासकी असेल, तर ती त्या-त्या खात्याच्या सुरक्षा विभागातून काढायची.

राहता राहिला मॅनेजरचा मुख्य पासवर्ड. तो विसरलात तर बिटवॉर्डनसारखी कंपनीही तो शोधून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. तेव्हा तो कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा, एलआयसीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवा आणि कुठे ठेवलाय ते जोडीदाराला आजच सांगा.