अ‍ॅशवेलच्या भिंतीवरील अक्षरे

इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात अ‍ॅशवेल नावाचे खेडे आहे. तेथील सेंट मेरीचे चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातील असून त्याचा मनोरा सुमारे १७६ फूट उंच आहे. परंतु खरे दर्शनीय स्थळ मनोऱ्याच्या आत, उत्तरेकडील भिंतीवर आहे. खडूसारख्या मऊ दगडावर कोणी अज्ञाताने लॅटिन ओळी कोरल्या आहेत. महामारीतून उरलेल्या दीन जनांविषयी त्यांत १३५० सालची नोंद आहे. पुढे, जुन्या कालगणनेप्रमाणे १३६१ साली झालेल्या प्रचंड वादळाचाही उल्लेख आहे.

विजयी राजे शिलालेख कोरवून घेतात. येथे शोकाकुल ग्रामस्थांचा इतिहास कोरला गेला. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, जुनी वास्तू पाहताना केवळ शिखराची उंची मोजू नये. तिच्या भिंतीही वाचाव्यात.