स्तनातून स्राव येतोय? तपासण्या कोणत्या, खर्च किती

कपड्यावर दुधासारखा किंवा पाण्यासारखा डाग दिसला, तरी मुली महिनोन्‌महिने घरी सांगत नाहीत. सांगितलंच, तर घरचे घाबरून थेट अकोला गाठतात. तरुण वयात याची बहुतेक कारणं साधी असतात, म्हणून सुरुवात वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरच्या ग्रामीण रुग्णालयातून करावी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि तिथल्या तपासण्या मोफत आहेत.

जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या. पित्तावर सर्रास दिल्या जाणाऱ्या डोमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड या औषधांनी रक्तातलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) वाढतं आणि बाळंतपण न झालेल्या मुलीलाही दूध येऊ शकतं. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही तसं होतं; त्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. अंगावरचं दूध तोडल्यावरही कित्येक महिने थेंब येतात. आलं का हे पाहायला रोज दाबलं, तर ते थांबतच नाही.

दोन्ही बाजूंनी दूध येत असेल आणि पाळी चुकत असेल, तर आधी गरोदरपणाची चाचणी (किट साधारण 50 ते 100 रुपये), मग थायरॉइडची टीएसएच (200 ते 400) आणि प्रोलॅक्टिन (400 ते 800). हे खासगी लॅबचे अंदाजे दर आहेत. रक्त देण्याआधी विचारून घ्या. मेंदूचा एमआरआय पाच हजारांच्या पुढे जातो. प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं असेल, सतत डोकं दुखत असेल किंवा नजर कमी झाली असेल, तरच तो लागतो.

एकाच बाजूने, न दाबता, रक्ताचा किंवा पाण्यासारखा स्राव येत असेल, किंवा गाठ लागत असेल, तर थांबू नका. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी करतात (खासगीत साधारण 1,000 ते 2,000). या वयात मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. वाशिमचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 वर विचारा. भरती होण्याआधी खासगीत केलेल्या तपासण्यांचे पैसे मात्र बहुधा खिशातूनच जातात.

स्तन लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. पुरुष डॉक्टर तपासणार असतील, तर सोबत एक स्त्री हजर असणं हा रुग्णाचा हक्क आहे. तो निःसंकोच मागा.