डिफमध्ये न दिसणारं नाव

फंक्शनचं नाव ठेवताना सहसा बरोबरच असतं. ते खोटं पडतं नंतर, आणि त्या दिवशीच्या रिव्ह्यूवर आपण ‘एलजीटीएम’ लिहून मोकळे झालेलो असतो.

एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेटबॅलन्स नावाचं फंक्शन होतं. खातं द्या, शिल्लक घ्या. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की व्याज जमा व्हायचं राहिलं असेल तर शिल्लक कमी दिसते. त्यानं फंक्शनच्या पोटातच एक इफ घातला: व्याज बाकी असेल तर आधी नोंद टाक, मग शिल्लक दे. रिव्ह्यूत गणित तपासलं गेलं, टेस्ट हिरव्या होत्या, मर्ज झालं. डिफमध्ये दिसत होत्या त्या फक्त बदललेल्या ओळी. नाव वर कुठेतरी दुमडलेलं, आणि ते जिथून कॉल होतं त्या फाइल्स तर समोर आल्याच नाहीत. मार्चअखेरीला ऑडिटसाठी नुसता बघायचा म्हणून एक रिपोर्ट चालवला, आणि त्यानं खात्याखात्यावर व्याज टाकलं. मग उलट्या नोंदी करत बसा! रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. तिनं नावावर विश्वास ठेवला. नावं असतात ती त्यासाठीच.

तेव्हापासून फंक्शनचं पोट बदललेलं दिसलं की मी आधी वर जाऊन नाव वाचतो, मग ते कुठून कुठून कॉल होतंय ते शोधतो. तुम्हीही शोधा. ‘गेट’, ‘इज’, ‘चेक’ने सुरू होणाऱ्या फंक्शनमध्ये इन्सर्ट किंवा अपडेट दिसलं की कॉमेंट टाकायचीच. खुद्द जाव्हात थ्रेडचं इंटरप्टेड नुसतं विचारल्यासारखं वाटतं, पण विचारता विचारता इंटरप्टची खूण पुसून टाकतं. शेजारचं इजइंटरप्टेड पुसत नाही. सी प्लस प्लसमध्ये व्हेक्टर रिकामा करायला नवखे एम्प्टी लिहितात, आणि ते फक्त ‘रिकामा आहे का’ एवढंच सांगतं. शेवटी सी प्लस प्लस 20 मध्ये त्यावर नोडिस्कार्ड लावलं; उत्तर न वापरता सोडलं तर कंपायलर टोकतो. रिअ‍ॅक्टवाल्यांचं डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल लांबलचक आहे खरं, पण टाइप करतानाच हात अडखळतो. मला आवडतं.

हँडल, प्रोसेस, मॅनेज यांच्यावर बरेच रिव्ह्यूअर तुटून पडतात. मी फार वेळ घालवत नाही. मोघम नाव वाचणाऱ्याला निदान आत डोकवायला लावतं. ठाम आणि खोटं नाव डोकवूच देत नाही.

कॉमेंटमध्ये ‘नाव पटत नाही’ एवढंच लिहिलंत तर समोरचा चिडेल आणि नाव तसंच राहील. पर्याय सुचवा. सुचवताना नावात ‘अँड’ आला, तर बहुतेक वेळा फंक्शनच दोन करायला हवीत. आमच्याकडे गेटबॅलन्समधलं व्याजाचं काम शेवटी वेगळंच काढलं. आणि नाव बदलायचा पीआर स्वतंत्र ठेवा. लॉजिकच्या बदलात मिसळलात तर चाळीस फाइल्सच्या डिफमध्ये खरा बदल कुणालाच सापडत नाही.