कदर्याची गोष्ट आणि आईचा पाचवा वाटा



आजचं वाचन: एकनाथी भागवत, अध्याय तेविसावा, सुरुवातीचा भाग

मंडळी, काल बाविसावा अध्याय संपला. शेवटी उद्धवाने विचारलं होतं, दुर्जनांनी केलेला अपमान माणसाने पचवायचा कसा? भगवंत त्याला नुसता उपदेश करत नाहीत, अवंती नगरीतल्या एका ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. हा माणूस पुढे भिक्षू होतो, लोक त्याची टवाळी करतात, आणि तेव्हा तो जे गातो ते भिक्षुगीत. प्रवचनांत बहुतेक वेळा सगळा भर त्या गीतावर असतो आणि आधीची कथा पाच मिनिटांत उरकली जाते. मी आज मुद्दाम त्या आधीच्या कथेवरच थांबणार आहे, कारण महिनाअखेर आहे. पगार पुरवून पुरवून वापरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात या दिवसांत एक शंका असतेच. आपण करतोय ती काटकसर, की आपला हात आखडत चाललाय?

तर कथा अशी. हा ब्राह्मण शेती आणि व्यापार करणारा, पैसा भरपूर. पण भागवतात त्याला 'कदर्य' म्हटलंय. पाहुण्याला, नातलगाला तो साध्या गोड शब्दानेही विचारत नाही. घरात कुणाला पोटभर नाही, देवाधर्माला काही नाही. बायको, मुलं, नोकरचाकर सगळे मनातून उतरतात. यक्षाने ठेव राखावी तसा तो धन राखत बसतो. मग ते धन जातं. थोडं भाऊबंद नेतात, थोडं चोर, थोडं राजा, थोडं नुसतं काळाच्या ओघात. पुढे पैशापायी जन्माला येणारे पंधरा अनर्थ तो स्वतःच मोजून दाखवतो. चोरी, हिंसा, खोटेपणा, दंभ अशी ती यादी सुरू होते. ती उद्या सविस्तर घेऊ.

मला आज अडवलं ते 'कदर्य' या शब्दाने. आपण सरळ 'कंजूष' म्हणून पुढे जातो. जुन्या टीकाकारांनी या शब्दाची जी व्याख्या दिली आहे ती जास्त बारीक आहे. लोभाने जो स्वतःला, धर्मकार्याला, मुलाबाळांना, बायकोला, आईवडिलांना, भावांना पीडा देतो तो कदर्य. पैसे किती साठवले याचा त्यात उल्लेखच नाही. कात्री कुणावर चालवली, एवढंच विचारलंय. आणि ज्यांच्यावर कात्री चालते त्यांच्या यादीत पहिलं नाव बायकोचं नाही, मुलांचंही नाही. पहिलं नाव स्वतःचं आहे.

हे मी तीनदा वाचलं. कारण मला एकदम आमचं हिंगोलीचं घर आठवलं, आणि त्या घरात लोभ तर औषधालाही नाही.

आमच्या भागातला पैसा कसा येतो ते आधी सांगते, शहरात वाढलेल्यांना ते ठाऊक नसतं. दर महिन्याला पगार असा नसतोच. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला, हळदीचे होळीनंतर. हळद मे-जूनमध्ये लावतात, नऊएक महिने जमिनीत असते, मग काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि बाजारात न्यायची. हिंगोलीच्या हळद बाजाराला नाव आहे संत नामदेवांचं. परंपरेने नामदेवरायांचं जन्मगाव मानलेलं नर्सी याच जिल्ह्यात, कयाधू नदीकाठी. तर त्या यार्डात त्या दिवशी जो भाव लागेल त्यावर पुढचं वर्ष ठरतं. वर्षातून दोनदा पैसा येणार आणि खर्च मात्र रोजचा. 'मंथली बजेट' हा शब्द आमच्या आईला कुणी शिकवला नाही, पण बारा महिन्यांची वाटणी ती एका संध्याकाळी बोटांवर करते.

तिची रीत ठरलेली. सगळ्यात आधी बेणं, म्हणजे पुढच्या लागवडीची हळद. ती शिजवायच्या आधीच बाजूला काढावी लागते, कारण शिजवलेली हळद उगवत नाही. भाव कितीही चढो, बेण्याला हात नाही. मग खतं-औषधांच्या दुकानाची उधारी, मग किराण्याची, मग आमची शिक्षणं. ज्वारी आणि तूर घरची. पापड-कुरडया उन्हाळ्यात करून ठेवायच्या. माळवं महाग झालं की पिठलं, वरणफळं, नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि भाकर. आषाढीला जाणारी दिंडी गावावरून जाते तेव्हा चाळीस भाकरी आमच्या घरून जातात. दुष्काळाच्या सालीही गेल्या, तेव्हा भाकरी जरा पातळ होत्या इतकंच.

यंदा महाशिवरात्रीला गावी गेले. औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं, रांगेत चार तास. घरी आल्यावर देवळीत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. पंधरा गोळ्यांचं पाकीट, रोज एक गोळी. शेजारी दुकानाची पावती होती, महिन्यापूर्वीची. आणि पाकिटात अजून दोन गोळ्या शिल्लक.

विचारलं तर म्हणाली, "एक दिवसाआड घ्यायले मी. भागायलंय की माझं."

"डॉक्टरांनी सांगितलं का?"

"डाक्टर कामून सांगतील? महिन्याला दोन पाकिटं लागायली होती, आता एक लागतंय." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. तेल वाचवल्यावर असतं तसं.

इथे आपल्याकडचं सगळं साहित्य, सगळ्या मालिका, मदर्स डेच्या सगळ्या पोस्टी आईच्या बाजूने उभ्या राहतात. उपाशी राहून लेकरांना भरवणारी माउली! मला विचाराल तर हे कौतुक आता थोडं आवरलं पाहिजे. रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेऊन चालत नाही. त्यातून अर्धांगवायू झाला तर दोन पाकिटांचा नाही, एका हंगामाचा हिशेब बुडतो, आणि माणूस जातं ते वेगळंच. आई कदर्य नाही, हे सांगायला नकोच. लोभ हे कदर्याचं मूळ, आणि तिच्याकडे तेच नाही. पण कात्री चालली ती त्याच यादीतल्या पहिल्या नावावर.

नामदेवरायांच्या घरात डोकावून बघा. दामाशेटी, गोणाई, पत्नी राजाई, चार मुलगे, मुलगी, सुना आणि जनाबाई. शिंप्याचं घर, खाणारी तोंडं पंधराएक, आणि कर्ता पुरुष विठ्ठलापाशी. महिपतींच्या भक्तविजयात परिसाची कथा आहे. परिसा भागवताच्या बायकोने राजाईला परीस दिला. तिने लोखंडाचं सोनं केलं, घरात दाणागोटा भरला. नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत भांडायला आले तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दिले, आणि ते सगळेच परीस निघाले. कीर्तनात या प्रसंगाला टाळ्या पडतात आणि राजाईवर थोडं हसूही होतं. बाईमाणूस, सोन्याला भुललं!

मला तिचं हसू येत नाही. चूल पेटवायची तिला होती. आणि वारकरी परंपरेने तिला गप्प केलेलं नाही, हे लक्षात घ्या. नामदेवगाथेत राजाईच्या आणि गोणाईच्या नावाचे अभंग आहेत, आणि त्यांत संसाराची तक्रार आहे, थेट देवाच्या दारात मांडलेली. संतांच्या गाथेत घरातल्या बाईच्या टंचाईची नोंद शेकडो वर्षं जपली गेली. आमच्या आईने मात्र तक्रार केलीच नव्हती. पावती आणि पाकीट शेजारी शेजारी दिसलं नसतं तर कळलंही नसतं.

आता भागवतातलीच दुसरी जागा, आठव्या स्कंधातली. वामन तीन पावलं जमीन मागतो आणि बळी द्यायला निघतो, तेव्हा शुक्राचार्य त्याला अडवतात. ज्या दानाने आपली उपजीविकाच मोडते ते दान चांगलं म्हणत नाहीत, असं ते सांगतात, आणि पैशाचे पाच वाटे करायला सांगतात. धर्मासाठी, यशासाठी, अर्थासाठी म्हणजे पुढे धन वाढावं म्हणून, कामासाठी म्हणजे स्वतःच्या सुखासाठी, आणि स्वजनांसाठी. बळीने ऐकलं नाही आणि तो धन्य झाला, हे खरं. पण त्याच्या दारात प्रत्यक्ष भगवंत उभे होते. आपल्या दारात घरमालक उभा असतो, त्यामुळे आपल्याला शुक्राचार्यांचा सल्ला बरा.

आईचा हिशेब या पाच वाट्यांवर लावून पाहिला. दिंडीच्या भाकरी धर्मात. लग्नकार्यातला आहेर, गावातली पत, हे यशात. बेणं म्हणजे अर्थ, यात शंकाच नको. आम्ही स्वजन. चार वाटे अगदी चोख. पाचवा, स्वतःचा, तिने केलेलाच नव्हता. आणि शास्त्र तो सोडत नाही. साधूला नाही, संसारी माणसाला सांगितलेल्या वाटणीत स्वतःचं सुख सरळ नाव घेऊन घातलंय.

मग माझंही पान उघडलं. मी आणि धाकटा भाऊ पुण्यात राहतो, तो एमपीएससीची तयारी करतोय. हातात येतात ३१,००० रुपये. भाडं ९,०००. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ४,२००. किराणा, गॅस, दूध, वीज मिळून ६,५००. भावाची अभ्यासिका आणि पुस्तकं २,३००, बसचा पास आणि मोबाइल २,०००. उरतात ७,०००. त्यातले ४,००० गावी, १,००० बचतीला, ५०० अन्नदानाला, १,५०० अडीअडचण आणि माझ्यासाठी. बाहेरून जेवण मागवणं बंद आहे, डबा आणि रात्री उरलेल्या भाताला फोडणी. याचं मला दुःख नाही, हौसेने करते. पण भावाचं पान वेगळं. तो दुपारी वडापाववर भागवतो का, हे मी त्याला सरळ विचारते, कारण घरातला कमी बोलणारा माणूसच सगळ्यात जास्त काटकसर करतो असा माझा अनुभव आहे. तुम्ही रूम शेअर करत असाल तर रूममेटलाही विचारा. काटकसर कुणावर पडलीय हे वहीतल्या बेरजेत दिसत नाही, बेरीज तर बरोबरच येते.

आईशी बोलताना भागवत काढून उपयोग झाला नसता. "आम्हाला काय कळतं माय त्यातलं," म्हणून ती उठून गेली असती. मी बेण्यावर बोलले. विचारलं, भाव चांगला लागला तर बेणं विकशील का?

"बेणं इकून खाणारा शेतकरी कवा पाह्यलास का?"

"मग गोळ्या बेण्यात धर. शिजवायच्या आधी बाजूला."

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लई शिकलीस." हे कौतुक होतं की टोमणा, अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तुमच्याही घरी कुणी असेल तर सांगते, रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. नर्सताईंनी रक्तदाब मोजला, आकडा बघून आईकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं झापलं. गोळ्या दिल्या, कार्ड करून दिलं, पुढच्या महिन्याची तारीख घातली. साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्राचा पर्याय आहे, तिथे बाजारापेक्षा दर बराच कमी असतो.

आता दर सोमवारी ती शेजारच्या पोरीकडून पाकिटाचा फोटो काढून पाठवते. मी मोजते. गेले नऊ सोमवार बरोबर आहेत.

चहातलं दूध मात्र तिने दिवाळीपासून बंद केलंय, म्हणते काळा चहाच आवडायला लागला. त्याचं अजून जमलेलं नाही.

उद्या पंधरा अनर्थ. ज्यांच्याकडे पोथी आहे त्यांनी कदर्याचं धन जातं तिथून पुढे वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.