तोंडाला बांधल्याशिवाय पंप उचलू नकोस

चि. सुहास यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल वाडीतून मंदाचा फोन आला. तू नुसत्या बनियनवर, तोंडाला काही न बांधता, तीन-तीन औषधं एकाच टाकीत कालवून फवारतोस म्हणाली. ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. तुझ्या बाबांचा दमा तू लहानपणापासून बघितलायस. तुला हे मी सांगायला हवं का?

आधी मोहोर हातात घेऊन नीट बघ. पांढरी पिठी असेल तर भुरी. ती पाऊस नसतानाही ढगाळ हवेत फोफावते. पाण्यात मिसळणारं गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम पुरतं. मोजून घे, मुठीने नको. काळे ठिपके पडून मोहोर वाळत असेल तर करपा, तो दवावर आणि अवकाळी पावसावर वाढतो. आणि पानं नुसती काळी, चिकट असतील तर ती तुडतुड्यांच्या चिकट्यावर धरलेली काजळी. तुडतुडे आवरल्याशिवाय जायची नाही. दुखणं न ओळखता सगळं एकदम मारायचं, ही कसली रीत? तेच ते औषध सारखं मारलं तर बुरशी त्याला जुमानेनाशी होते. मोहोर पुरता फुललेला असताना तर हात आवरच. माश्या फिरल्या नाहीत तर कणी कुठून धरणार?

विहिरीकडच्या कलमाच्या सुक्या फांद्या अजून तशाच आहेत म्हणे. करप्याचं घर तिथेच असतं. त्या काढून जाळ आणि कापावर बोर्डो पेस्ट लाव: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. निम्म्या निम्म्या पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगळ्या बादल्यांत दोन्ही भिजवून मग एकत्र कर. आप्पा त्यात विळ्याचं घासलेलं पातं बुडवून बघायचे. तांबूस थर धरला की म्हणायचे, "चुना कमी पडला, घाल अजून." मी शेजारी चुन्याची बादली धरून उभी. मला दापोलीला शेतकी शिकायला जायचं होतं रे. घरात विषय निघाला आणि मिटला. मी हट्ट धरला नाही, ते अजून सलतं. तू शिकून बागेत परतलास तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुला कधी बोलले नाही.

म्हणून सांगते, तोंडाला बांध. वाऱ्याकडे पाठ करून फवार, सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. आंघोळ केल्याशिवाय छकुलीला उचलून घेऊ नकोस.

फार बोलले, मनात ठेवू नकोस. एक वर्ष आंबा कमी आला तर येऊ दे, आम्हाला पेटी नाही मिळाली तरी चालेल. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे दोन सदरे पाठवले आहेत. ते पोचेपर्यंत पंप खाली ठेव. पोचले की फोन कर, कितीही उशीर झाला तरी कर.

तुझी,
आत्या