पुण्णिका : एका नावाचा अर्थ आणि त्याची योग्यता

आपल्या समाजात मुलीचे नाव ठेवणे हा केवळ घरगुती समारंभ कधीच नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांविषयी स्पष्ट नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे मात्र निंदासूचक असावे, असे तेथे सांगितले आहे. हा नियम ग्रंथातच राहिला नाही. धोंडी, दगडी, कचरी अशी नावे आपल्या आज्यापणज्यांनी आयुष्यभर वागविली. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, या भीतीनेही अशी नावे ठेवली जात, हे खरे. परंतु चांगले नाव ठेवले तर लोक काय म्हणतील ही धास्तीही त्यामागे होती, हेही तितकेच खरे.

ही धास्ती मोडण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने केले. १९४६ साली मुंबईत स्थापन झालेल्या महाविद्यालयाला त्यांनी 'सिद्धार्थ' हे नाव दिले, तेव्हा धम्मदीक्षेला अजून दहा वर्षे अवकाश होता. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर घरोघरी पाळण्यातली नावे बदलली. सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा, मैत्री ही नावे आज आपल्या कानाला इतकी सरावली आहेत की, ती एका पिढीने धैर्याने निवडलेली नावे आहेत, याचा विसर पडावा. या नामावलीत एक नाव मात्र क्वचितच आढळते. ते नाव आहे 'पुण्णिका'. त्याचा अर्थ काय, ते कोणाचे होते आणि आज ते आपल्या लेकींना का शोभावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

शब्दाची ओळख

'पुण्णिका' हे नाव ऐकताच 'पुण्य' शब्दाची आठवण होते. परंतु या दोन शब्दांचा संबंध नाही. संस्कृतातील 'पुण्य' पालीत 'पुञ्ञ' असे होते, तर संस्कृतातील 'पूर्ण' पालीत 'पुण्ण' होते. म्हणून 'पुण्णा' म्हणजे पूर्णा, भरलेली, उणीव नसलेली. त्याला 'इका' हा प्रत्यय लागून 'पुण्णिका' झाले. हा प्रत्यय लहानपण दाखवितो, जवळीक दाखवितो आणि हाक मारणारा धनी असेल तर कमीपणाही दाखवितो. पुण्णा आणि पुण्णिका ही एकाच व्यक्तीची दोन्ही नावे पाली साहित्यात येतात.

हा शब्द मराठीला परका नाही. पौर्णिमेला पालीत 'पुण्णमा' म्हणतात आणि आपल्या खेड्यापाड्यांत आजही 'पुनव' म्हणतात. ज्या वाटेने पूर्णिमेची पुनव झाली, त्याच वाटेवरचा हा शब्द आहे. वैशाखी आणि आषाढी पौर्णिमा मानणाऱ्या घरात तो सहज नांदेल. लिहिताना 'ण्ण' हे जोडाक्षर नीट लिहावे, एवढीच काळजी घ्यावी लागते. नोंद करणारा कर्मचारी चटकन 'पूर्णिका' किंवा 'पुनिका' लिहून मोकळा होण्याचा संभव आहे; म्हणून जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या नोंदवहीत पालकांनी ते स्वतः तपासून घ्यावे.

मोजणीतून मिळालेले नाव

त्रिपिटकाच्या खुद्दक निकायात 'थेरीगाथा' हा ग्रंथ आहे. बुद्धकाळातील भिक्खुणींचे उद्गार त्यात संग्रहित आहेत. ७३ काव्यरचनांच्या या ग्रंथात राजघराण्यातील स्त्रिया आहेत, श्रेष्ठींच्या कन्या आहेत, गणिका आहेत, तशाच कष्टकरी आणि पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या माताही आहेत. स्त्रियांच्या रचनांचे इतके प्राचीन संग्रह जगाच्या वाङ्मयात फार थोडे. याच ग्रंथात पुण्णिकेच्या १६ गाथा आहेत.

तिच्या जीवनाची माहिती आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेत मिळते. पुण्णिका श्रावस्तीच्या अनाथपिंडिक श्रेष्ठीच्या घरी दासीच्या पोटी जन्मली. तिच्या जन्माने त्या घरातील मुलांची शंभरी पुरी झाली, म्हणून तिला 'पुण्णा' म्हटले गेले. म्हणजे हे नाव मूलतः कौतुकाचे नव्हते, आशीर्वादाचेही नव्हते. ती एका हिशेबाची नोंद होती. शंभराचा आकडा भरला, इतकाच त्याचा अर्थ. सुजातेच्या दासीचे नावही पुण्णाच होते. वृक्षाखाली बसलेल्या बोधिसत्त्वाला प्रथम पाहून धावत घरी बातमी नेणारी ती हीच दुसरी पुण्णा. दास्यात जन्मलेल्या मुलींना हे नाव मिळे, असे यावरून दिसते.

मुलीला मोजणीतून नाव देण्याची रीत श्रावस्तीपुरती किंवा प्राचीन काळापुरती नव्हती. महाराष्ट्रात मुलीमागे मुली झाल्या की 'नकुसा', 'नकोशी' अशी नावे ठेवली गेली. २०११ साली सातारा जिल्ह्यात जाहीर समारंभ करून 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. ते योग्यच झाले. परंतु पुण्णिकेने दुसरा मार्ग दाखविला. तिने नाव टाकले नाही. त्याचा अर्थ बदलून घेतला.

पाणवठ्यावरील संवाद

पुण्णिका पाणी भरणारी दासी होती. गाथांमध्ये ती स्वतःची ओळख प्रथम याच कामाने करून देते. कडाक्याच्या थंडीतही तिला पाण्यात उतरावे लागे आणि ते मालकिणींच्या काठीच्या व शिव्यांच्या भयाने, असे ती सरळ सांगते. अशाच एका थंडीत एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात उतरलेला तिला दिसतो. ती त्याला विचारते की, मी माराच्या भयाने पाण्यात उतरते. तू कोणाच्या भयाने उतरतोस?

ब्राह्मणाचे उत्तर ठरलेले आहे. स्नानाने पाप धुतले जाते, लहानथोर कोणीही असो, पाण्याने तो पापमुक्त होतो. यावर पुण्णिका रागावत नाही, की विनयाने गप्पही बसत नाही. ती त्या विधानाची परीक्षा करते. पाण्याने शुद्धी होत असेल, तर बेडूक, कासवे, मगरी असे सारे जलचर स्वर्गाला गेले पाहिजेत. खाटीक, पारधी, चोर यांनीही एक बुडी मारली की मुक्त झाले पाहिजे. आणि नदी जर पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही वाहून नेईल. मग तुझ्यापाशी उरेल काय? ज्या कर्माच्या भयाने तू रोज पाण्यात उतरतोस ते कर्मच करू नकोस, म्हणजे थंडीने अंग काकडायचे नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

ब्राह्मणाला हे पटते. कृतज्ञतेने तो आपले स्नानवस्त्र तिला देऊ करतो. ती ते घेत नाही. वस्त्र तुझ्याजवळच असू दे, दुःख नको असेल तर उघडपणे किंवा लपून पाप करू नकोस, बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जा व शीलाचे पालन कर, असे ती सांगते. शेवटच्या गाथेत ब्राह्मण म्हणतो की, पूर्वी मी केवळ जन्माने ब्राह्मण होतो. खरा ब्राह्मण, खरा न्हालेला, मी आज झालो.

मज्झिम निकायाच्या वत्थूपम सुत्तात खुद्द भगवान बुद्धांनी सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणाला हाच विचार सांगितला आहे. तोच विचार एक दासी आपल्या पाण्याच्या घागरीजवळ उभी राहून, आपल्या अनुभवाच्या भाषेत मांडते. थंड पाण्याविषयी त्या ब्राह्मणापेक्षा तिला अधिक ठाऊक होते. पाणी अंग गारठविते, मन धूत नाही, हे तिने रोज अनुभवले होते. हा अनुभव तिने तर्काला जोडला आणि ती शिक्षिका झाली.

या संवादानंतर अनाथपिंडिकाने तिला दास्यातून मुक्त केले, असे अट्ठकथा सांगते. विनयाच्या नियमानुसार दासाला संघात प्रवेश देता येत नसे. आधी मुक्ती व्हावी लागे. पुण्णिका मुक्त झाली, संघात गेली आणि अर्हत झाली. ज्या घराच्या मोजणीत ती शंभरावी होती, त्या मोजणीतून ती बाहेर पडली. 'पुण्णा' म्हणजे शंभरी भरणारी, हा अर्थ तेथेच संपला. 'पुण्णा' म्हणजे स्वतः परिपूर्ण झालेली, हा अर्थ तेथून सुरू झाला.

श्रावस्तीपासून महाडपर्यंत

पाणी माणसाला पवित्र करते, या समजुतीला दुसरी बाजू आहे. जे पाणी एकाला पवित्र करते, ते दुसऱ्याच्या स्पर्शाने बाटते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' केले. गुरेढोरे ज्या तळ्यावर पाणी पीत, ते माणसाच्या ओंजळीने कसे बाटते, हा प्रश्न त्या सत्याग्रहाने विचारला. बेडूक-कासवांचा दाखला देणाऱ्या पुण्णिकेच्या प्रश्नाचे आणि या प्रश्नाचे कूळ एकच आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथाने आमची नावेदेखील निंदनीय असावीत असे ठरविले, तो ग्रंथ त्याच गावी जळावा, यात एक न्याय आहे. तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निर्णय मात्र मुंबई उच्च न्यायालयाकडून १९३७ साली मिळाला. त्यासाठी दहा वर्षे लढावे लागले.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पालकांचा. दासीचे नाव मुलीला कसे ठेवावे? विशाखा श्रेष्ठीकन्या होती, खेमा राणी होती, यशोधरा राजस्नुषा होती. त्यांची नावे ठेवण्यात गौरव वाटतो. पुण्णिकेच्या नावाने मात्र जुन्या जखमेला हात लागतो. हा संकोच आम्ही समजू शकतो. पण आपल्या किती घरांत आई आणि आजी डोक्यावर हंडा घेऊन मैलोन्‌मैल चालल्या, कोणाच्या शिव्या ऐकत ओंजळभर पाण्यासाठी ताटकळल्या, हे आठवले की पुण्णिका आपल्याला परकी राहत नाही. राणीचे नाव मुलीला आपल्या आकांक्षेची आठवण देईल. पुण्णिकेचे नाव तिला आपल्या कुळाची आठवण देईल. दोन्ही हवीत.

दुसरा आक्षेप अभ्यासकाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. पूर्वजन्मी पुण्णिका विद्वान भिक्खुणी होती, परंतु विद्येच्या गर्वामुळे तिला या जन्मी दासी व्हावे लागले, असे स्पष्टीकरण परंपरेत दिले आहे. ते आम्हाला मान्य नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माने आजच्या दारिद्र्याचे आणि हीनतेचे समर्थन करण्यावर कठोर प्रश्न उपस्थित केले आहेत. शिवाय पुण्णिकेच्या १६ गाथांमध्ये या पूर्वजन्माचा मागमूसही नाही. आपल्या पाण्यात उतरण्याचे कारण ती स्वतः सांगते, आणि ते कारण मालकिणीची काठी हे आहे. टीकाकार काय म्हणतो आणि ती स्वतः काय म्हणते, यांत भेद झाला, तर आपण तिचे ऐकावे.

नावाची योग्यता

पुण्णिकेच्या चरित्रात तीन गोष्टी ठळकपणे दिसतात. तिने प्रश्न विचारला. समोरचा वर्णाने वरचा आहे म्हणून गिळला नाही. तिने कारण दिले. केवळ विरोधासाठी विरोध केला नाही. आणि ज्ञानाच्या मोबदल्यात मिळणारे वस्त्र तिने नाकारले. प्रश्न, तर्क आणि निरपेक्षता या तीन गुणांसाठीच तर निवासी विद्यालये चालवायची असतात. घर सोडून वसतिगृहात राहणारी, पहाटेच्या थंडीत उठून अभ्यासाला बसणारी मुलगी पुण्णिकेची वारस आहे, मग तिचे नाव काहीही असो.

माजी विद्यार्थिनी आता माता झाल्या आहेत, काही आज्याही. नव्या पाहुणीसाठी नाव सुचवा, अशी विचारणा त्यांच्याकडून होत असते. सुजाता आणि संघमित्रा यांच्या पंक्तीत 'पुण्णिका' हे नावही विचारात घ्यावे, असे आम्ही सुचवितो. ते सहसा कोणाचे नसते, म्हणून वर्गात एकच पुण्णिका असेल. तिला वरचेवर विचारले जाईल, "हे कसले गं नाव? याचा अर्थ काय?" प्रत्येक वेळी तिला ती कथा सांगावी लागेल, आणि सांगता सांगता ती कथा तिची स्वतःची होईल. जन्माच्या वेळी मिळालेल्या नावाचा अर्थ देणाऱ्याच्या हाती असतो. पुढे तो धारण करणारीच्या हाती येतो. श्रावस्तीच्या पाणवठ्यावर उभ्या असलेल्या एका दासीने हे करून दाखविले आहे. आपल्या लेकींना ते अवघड जाऊ नये.